टिपणांतील तुटलेले दुवे

पूर्वीं प्रत्येक नांदत्या घरांत एक जाड वही असे. सोयऱ्यांचे पत्ते, मुलांच्या जन्मवेळा, गोड्या मसाल्याचें प्रमाण, कोणास कोणतें औषध सोसत नाहीं, असें सारें तींत टिपलेलें असे. आमच्या सांगलीच्या काकूंची तशी वही २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या पुरांत भिजली. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर गेलें. पानें वाळवून जीं वाचतां आलीं, तीं आमच्या साताऱ्याच्या मुलांनीं संगणकावर उतरून घेतलीं आणि एका टिपणांतून दुसऱ्याकडे जाण्यासाठीं ऑब्सिडियन नांवाच्या साधनांत दुवे घातले. वहीपेक्षां हें कितीतरी सुरक्षित, अशी आम्हां सर्वांची समजूत झाली.

गेल्या पावसाळ्यांत काकूंना ताप भरला. रात्रीं डॉक्टरांनीं विचारलें, "यांना कोणतें औषध सोसत नाहीं कीं काय?" धाकट्या चुलतबंधूंनीं फोनवर काकूंचें टिपण उघडलें, 'ॲलर्जी' या दुव्यावर बोट ठेविलें, तों समोर कोरें पान आलें. "कांहीं लिहिलेलें दिसत नाहीं," ते म्हणाले. इतक्यांत थोरल्या सूनबाई स्वयंपाकघरांतून धांवत आल्या. "थांबा हं, डॉक्टर! आईंना पेनिसिलीन चालत नाहीं."

वेळ निभावली, पण आमच्या मनास चटका लागला. माहिती घरांत होती. तिच्याकडे जाणारी वाट मात्र मोडली होती.

पुढें शोध केला तेव्हां कारण कळलें. या साधनांत जें टिपण अस्तित्वांतच नाहीं, त्याच्या दुव्यावर बोट ठेविलें कीं त्या नांवाचें नवें कोरें पान तयार होतें. लिहितांना ही मोठी सोय. संकटाच्या वेळीं मात्र हाच सांपळा. "पान सांपडलें नाहीं" असें कोणी बजावीत नाहीं. कोरें पान पाहून वाचणारा "नोंद नाहीं" असें समजतो.

पण टिपण तर होतें! मग दुवा कां तुटला? टिपणाच्या नांवांत 'ॲ' हें एकच अक्षरचिन्ह होतें. दुव्यांत मात्र 'अ', डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह आणि वरची चंद्रकोर अशीं तीन चिन्हें होतीं. युनिकोडांत 'ॲ' ला स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. जुनी त्रिचिन्ही पद्धत कित्येक कळफलकांत त्यानंतरहि राहिली. माणसास दोन्हीं सारखींच दिसतात, यंत्रास तीं दोन निराळीं नांवें. 'सोयऱ्यांची' यांतील अर्ध्या र चीहि हीच गत.

दुसरें कारण आमच्या सुधारकीचें. काकूंची शाळा १९६२ पूर्वींची. त्या वर्षीं राज्य सरकारनें शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले आणि 'नांवें' चीं 'नावे' झालीं. आमच्या एका चिकित्सक पुतण्यानें फाइलींच्या नांवांवरील जुने अनुस्वार एका दुपारीं पुसून टाकले. हा बदल ऑब्सिडियनच्या आंतून केला असता तर दुवेहि आपोआप बदलतां आले असते. त्यानें तो बाहेरून केला.

जाळ्यावरील पानांचे दुवे तर आपल्या स्वाधीनच नसतात. अमेरिकेंतील प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं दाखविलें कीं, २०१३ सालच्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं सांपडेनाशीं झालीं होतीं. म्हणून अशा पानाचा केवळ पत्ता न ठेवितां मजकूरहि उतरून ठेवावा.

आमच्या जिल्ह्यांतील वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम उभें केलें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्यांतील नोंदींखालीं 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदींचीं नांवें दिलेलीं असतात. तोहि दुवाच होय. छापील ग्रंथांत नोंदीचें नांव एकदां ठरलें कीं ठरलें. आमच्या संग्रहांत तें रोज बदलूं शकतें, म्हणून तपासणीहि नित्य हवी.

ज्यांस ती करावयाची असेल त्यांनीं प्रथम साऱ्या संग्रहाची एक प्रत बाजूस काढावी. मग दुव्यांच्या दुहेरी कंसांतील नांवांची एक यादी व टिपणांच्या नांवांची दुसरी यादी करावी. पहिलींत असून दुसरींत नाहींत ते तुटलेले दुवे. मात्र एवढ्यावर थांबूं नये. चुकून निर्माण झालेलें कोरें पान यंत्राच्या लेखीं खरेंच पान असल्यामुळें त्याचा दुवा शाबूत ठरतो. तेव्हां रिकामीं टिपणेंहि निराळीं शोधावीं. आणि औषधासारखी नोंद दुव्यामागें न ठेवितां त्या माणसाच्या टिपणाच्या पहिल्याच ओळींत लिहावी.

आम्हांस एकेचाळीस दुवे तुटलेले आढळले. पस्तीस नांवें सुधारतांच जुळले. उरलेल्या सहांचीं टिपणें मुळीं कधीं लिहिलींच गेलीं नव्हतीं. 'आजीचें माहेर', 'कुळधर्माचा नैवेद्य' अशीं त्यांचीं नांवें. तेव्हां तीं पुसून यादी स्वच्छ करावी असें मुलांचें मत पडलें. आम्हीं तें मानलें नाहीं. त्या सहांचीं उत्तरें जाणणारें एकच माणूस आज घरांत आहे. दिवाळींत आम्ही सारे सांगलीस गेलों. काकू पाटावर बसून सांगत होत्या, सूनबाई लिहीत होत्या. चार टिपणें पुरीं झालीं. दोन संक्रांतीस व्हावयाचीं आहेत.