विश्लेषण : पाच वर्षांचा विमा असूनही चोरीला गेलेल्या दुचाकीची भरपाई का मिळत नाही?

नागपुरात सीताबर्डी, इतवारी किंवा मेडिकल रुग्णालयाच्या परिसरात दुचाकी तासन् तास रस्त्याकडेला उभ्या असतात. गाडी गेल्यावर अनेकांची भिस्त विम्यावर असते. तो विमा नेमका कशाचा, हे मात्र तपासलेले नसते.

विम्यात काय मिळते?

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी ५ वर्षांचा 'थर्ड पार्टी' विमा बंधनकारक आहे. तो अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देतो, चोरीची नाही. चोरीचे संरक्षण बहुधा पहिल्या वर्षापुरतेच घेतलेले असते. पुढे त्याचे नूतनीकरण वेगळे करावे लागते.

चोरी कशी टाळावी?

जुन्या गाडीचे हँडल लॉक जोरदार झटक्याने तुटू शकते. त्यामुळे सोबत डिस्क लॉक लावावे किंवा चाकातून साखळी ओवून ती खांबाला अडकवावी. कुलूप उघडायला वेळ लागणार असे दिसले, की चोर सहसा दुसरी गाडी शोधतो. मूळ कागदपत्रे डिकीत ठेवू नयेत.

चोरी झाल्यास काय करावे?

११२ वर कळवून लगेच पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विमा कंपनीलाही तातडीने कळवावे. दाव्यावेळी कंपनी दोन्ही किल्ल्या आणि गाडी सापडली नसल्याचा पोलिसांचा अहवाल मागते. म्हणून दुसरी किल्ली घरी जपून ठेवावी.