विश्लेषण : ठाणे-कल्याणचे मध्ययुग खाडीतच का ठरले?

शाळेच्या पुस्तकातले मध्ययुग तराई, पानिपत, तालिकोट अशा रणांगणांवर वळणे घेते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या परिसरात मात्र सत्ता बदलली ती बहुतेक वेळा पाण्याच्या काठावर. ज्याच्या हाती खाडी, त्याच्या हाती बंदर, जकात आणि घाटावर जाणारा रस्ता. १०६० ते १७७४ या सात शतकांतल्या पाच वळणांवर हेच गणित पुन्हा पुन्हा दिसते.

आधी नकाशा समजून घेऊ

उल्हास नदी कल्याणवरून वाहत ठाण्याच्या उत्तरेला येते. तिचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वसईच्या खाडीला जातो, तर दुसरी वाट ठाणे खाडीतून दक्षिणेला मुंबई बंदराकडे निघते. या दोन खाड्या आणि समुद्र यांच्यामधली जमीन म्हणजे साष्टी बेट. जुने ठाणे याच बेटाच्या पूर्व काठावर वसले आहे.

कल्याण मुख्य भूमीवर. तिथून मुरबाडमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर. म्हणजे घाटावरचा माल कल्याणला उतरणार आणि समुद्राकडे जाताना ठाण्यावरून किंवा वसईवरून जाणार. या तीन जागा एकाच सत्तेकडे असल्या तर व्यापार सुरळीत, वेगवेगळ्या हातांत असल्या तर संघर्ष अटळ.

पहिले वळण : १०६०, शिलाहारांचा भरभराटीचा काळ

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ठाण्याचे नाव होते श्रीस्थानक. १७८७ मध्ये ठाण्यात पाया खणताना राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. त्यावरचे शक वर्ष आहे ९३९. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, म्हणजे १०१७. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे १०६० हे वर्ष आहे. छित्तराजाच्या काळात सुरू झालेले हे मंदिर मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले. दगडात असे बारीक कोरीव काम करून घेण्याइतका पैसा बंदरांच्या जोरावर इथे येत होता.

दुसरे वळण : १२६५च्या सुमारास, हत्ती विरुद्ध गलबते

शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर देवगिरीचा यादव राजा महादेव चालून आला. यादवांची ताकद हत्तींच्या सैन्यात होती. सोमेश्वराने जमीन सोडून समुद्राचा आश्रय घेतला, पण तिथेही तो वाचला नाही. तो समुद्रात बुडाल्याचे यादवांचा मंत्री हेमाद्री याने नोंदवले आहे. बोरिवलीजवळच्या एक्सर गावातील वीरगळांवर हत्तींची लढाई आणि वल्ही मारणाऱ्या जहाजांचे युद्ध कोरलेले आहे. काही अभ्यासक ते याच संघर्षाशी जोडतात.

सामान्य माणसासाठी राज्य बदलणे म्हणजे काय, याचे उत्तर भिवंडी तालुक्यात लोनाडजवळच्या चौधरपाड्यात मिळते. इथला गद्धेगाळ शके ११६१चा, म्हणजे सोमेश्वराच्या पराभवाच्या सुमारे पंचवीस वर्षे आधीचा. शिलाहार राजा केशिदेवाने शोंपेश्वर मंदिराच्या पुजाऱ्यांना ब्रह्मपुरी गाव दिल्याची ती नोंद आहे. अशा दगडावर वर चंद्र-सूर्य असतात आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी स्त्री व गाढवाचे अश्लील चित्र. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही ही शिवी कळावी, हा हेतू. आजच्या भाषेत ती जमिनीची नोंदणी होती, आणि धमकी होती उद्या येणाऱ्या नव्या राजवटीला. सत्ता टिकणार नाही, हे तेव्हाच्या लोकांनी गृहीतच धरले होते.

तिसरे वळण : १५३४, खाडीची सरहद्द झाली

यादवांनंतर दिल्लीची सुलतानी आली, पुढे गुजरातची. मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन करताना इथला राजा समुद्री चाच्यांशी करार करून त्यांनी पकडलेले घोडे स्वतःकडे ठेवतो, असे लिहिले आहे. घोडे समुद्रातून येत होते आणि ते सैन्याला हवे होते. बंदराचे महत्त्व कळायला एवढी नोंद पुरेशी आहे.

खरा बदल झाला २३ डिसेंबर १५३४ रोजी. हुमायूनच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आसपासची बेटे तहात पोर्तुगीजांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला थांबून पोर्तुगीज परवाना घ्यावा, अशी अट तहात होती.

ठाणे पोर्तुगीजांकडे गेले. कल्याण पुढे अहमदनगरच्या निजामशाहीकडे आणि १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे. आज जे अंतर जलद लोकल अर्ध्या तासाच्या आत कापते, तिथे सुमारे दोनशे वर्षे दोन राज्यांची सीमा होती.

चौथे वळण : १६५७, कल्याणमध्ये आरमार

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. इथे एक गोंधळ दूर करायला हवा. त्याच वर्षी औरंगजेबाने ‘कल्याणी’ जिंकली होती. ती बिदरजवळची, म्हणजे आजचे बसवकल्याण. समाजमाध्यमांवरच्या अनेक पोस्टमध्ये ही दोन गावे एकमेकांत मिसळलेली दिसतात.

कल्याणच्या खाडीत मराठा आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. त्यासाठी रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर कामावर घेतले गेले. पोर्तुगीज अधिकारी अस्वस्थ झाले, कारण कल्याणहून निघालेल्या प्रत्येक जहाजाला समुद्र गाठण्यासाठी ठाणे किंवा वसई ओलांडावीच लागणार होती. १६५९ मध्ये त्यांच्या चिथावणीने हे कारागीर काम सोडून पळाले. जहाजबांधणी मात्र थांबली नाही. १६६१ मध्ये मुघलांनी कल्याण घेतले आणि पुढची अनेक दशके शहर मराठे व मुघलांमध्ये फिरत राहिले.

पाचवे वळण : १७३७ ते १७७४, किल्ला कोणाचा?

पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला १७३० मध्ये बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे जिंकले. ठाणे गेल्यावर वसई एकटी पडली. १७३८ मध्ये पोर्तुगीजांनी जहाजांतून येऊन ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनापती पेद्रु द मेलो मारला गेला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि कल्याण, ठाणे, वसई पुन्हा एका हाती आली. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला, तो याच स्थिर काळात.

पण १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुण्याचे लक्ष घरच्या भांडणात अडकले. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईच्या इंग्रजांना लागली. त्यांनी आधीच हालचाल करून २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

आज काय उरले?

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, वर्षभराने ती कल्याणला पोहोचली. माल गलबतांऐवजी डब्यांतून जाऊ लागला. खाडीचे राजकीय महत्त्व संपले आणि डोंबिवलीसारखी शहरे बंदराऐवजी स्थानकाभोवती वाढली.

अंबरनाथचे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कल्याणच्या दुर्गाडीवरून आजही खाडी दिसते. ठाण्याच्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे शहराचे भवितव्य दोनदा ठरवणारी ही वास्तू बहुतेक ठाणेकरांनी फक्त बाहेरून पाहिली आहे. गावोगावचे वीरगळ आणि गद्धेगाळ मात्र अनेकदा शेताच्या बांधावर किंवा मंदिराच्या आवारात उघड्यावर असतात. कोणी त्यांना शेंदूर फासते, कोणी पायरी म्हणून वापरते. रस्ता रुंद करताना असा दगड उचलला गेला तर त्याच्यासोबत वर्ष, राजा आणि गावाचे नाव सांगणारा पुरावाही जातो. राजांची नावे इतर कागदांतून पुन्हा मिळू शकतील, त्या गावाची नोंद कदाचित त्या एकाच दगडावर असेल.