नक्कल न होणारी नोट

धार संस्थानाने १८८७ मध्ये आणि देवासने १८८८ मध्ये आपली तांब्याची नाणी काढली. दोन्ही पवारांची मराठा संस्थाने, पण ही नाणी त्यांनी आपल्या गावच्या टांकसाळीत पाडली नाहीत. १८७६ च्या कायद्याने संस्थानिकांना मुभा मिळाली होती, की धातू इंग्रज सरकारच्या टांकसाळीत पाठवा आणि तिथून नाणी पाडून घ्या. म्हणून पाव आण्याच्या त्या नाण्याच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या बाजूला संस्थानाचे नाव. देवासची तर आणखीच गंमत. गाव एक, गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यामुळे नाणीही दोघांची निरनिराळी.

सरकारी टांकसाळीतून नाणे पाडून घेण्यात शहाणपण होते. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याचा काठ वेडावाकडा, ठसा अर्धाच उमटलेला. तसे दुसरे नाणे एखादा हुशार कारागीर घरच्या भट्टीवर पाडू शकत असे. यंत्राने पाडलेल्या नाण्याची गोलाई आणि रेखीवपणा साधायला तसेच यंत्र हवे, आणि ते त्याच्याजवळ नसे. पैशाचा खरेपणा असा यंत्राच्या ताकदीवर उभा राहिला. तो आजही तिथेच उभा आहे.

मराठी माणसाला देवास म्हटले की कुमार गंधर्व आठवतात. पण त्याच गावात १९७४ साली बँक नोट प्रेस उभी राहिली. नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या, त्याला देवासची जोड मिळाली. आज देशात नोटा छापणारे कारखाने चार: नाशिक, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधले सालबोनी. देवासचे वैशिष्ट्य असे की नोटांसाठी लागणारी शाईही तिथे तयार होते.

खिशातली पाचशेची नोट काढून तिच्या डाव्या-उजव्या कडांवरून बोट फिरवून पाहा. पाच तिरप्या रेघा बोटाला लागतील. शंभराच्या नोटेवर त्या चार असतात. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला नोट ओळखता यावी म्हणून ही सोय आहे. हा उठाव येतो तो छपाईच्या पद्धतीमुळे. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरतात, कोरलेल्या खाचांत शाई भरतात, पत्र्याचा वरचा भाग पुसून घेतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबतात. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. तो खाचेत शिरतो, शाई उचलतो आणि तिथे कायमचा फुगलेला राहतो. घरातल्या किंवा दुकानातल्या प्रिंटरची शाई कागदावर सपाट पसरते, त्यामुळे हा उठाव तिला साधत नाही.

आता नोट थोडी तिरकी करा. चकचकीत धागा हिरव्याचा निळा होतो. निळाच का? अशा रंग बदलणाऱ्या शाईत किंवा पट्टीत अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खाली आरशासारखा धातू, मध्ये पारदर्शक थर आणि वर अर्धवट पारदर्शक धातूचा पापुद्रा. मधल्या थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते, एका नॅनोमीटरचे दहा लाख पट केले की एक मिलिमीटर होतो. काही प्रकाश वरून परततो, काही खालच्या आरशावरून. दोन्ही लाटा ज्या रंगासाठी एकमेकींना साथ देतात तो रंग उजळतो, बाकीचे विझतात. नोट कलली की दोन लाटांमधला फरक कमी होतो आणि उजळणारा रंग लहान तरंगलांबीकडे सरकतो. वर्णपटात हिरव्याच्या त्या बाजूला निळा आहे. तांबड्याकडे तो सरकत नाही, त्यामुळे कललेली नोट तांबडी झाली तर समजावे की काहीतरी गडबड आहे.

एवढे करूनही बनावट नोटा निघतातच, कारण यंत्राने केलेली गोष्ट दुसऱ्या यंत्राला करता येते. प्रश्न फक्त खर्चाचा आणि चिकाटीचा. याचा भुर्दंड कोणाला बसतो हे मला फार महत्त्वाचे वाटते. बँकेत भरलेली नोट बनावट निघाली तर बँक ती जप्त करते आणि तिचे पैसे खात्यात जमा करत नाही. ज्याच्या हातात ती शेवटी आली त्याचे नुकसान. मंडईत सोयाबीन विकून घरी निघालेल्या शेतकऱ्याकडे ना अतिनील दिवा असतो, ना नोट मोजणारे यंत्र.

सरकारी उपायांचा भारही सारखा पडत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, त्यामागच्या कारणांत बनावट नोटांचेही एक कारण सांगितले गेले. चलनातल्या पैशाच्या मूल्यापैकी ८६ टक्के एका रात्रीत बाद झाले. गॅब्रिएल चोडोरो-राइख, गीता गोपीनाथ, प्राची मिश्रा आणि अभिनव नारायणन या अर्थतज्ज्ञांनी पुढे जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना केली. नव्या नोटा कुठे लवकर पोचल्या, कुठे उशिरा, हे पाहिले आणि उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडावरून तिथल्या उलाढालीचा अंदाज बांधला. नोटांची चणचण जिथे जास्त, तिथे उजेड आणि रोजगार दोन्ही खाली. त्या तिमाहीत आर्थिक वाढीचा दर किमान दोन टक्के अंकांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

मग अशी नोट असू शकते का, जिची नक्कल करणे कितीही पैसा आणि कितीही यंत्रे असली तरी अशक्यच असावे? निसर्गाच्या नियमानेच अशक्य? हा प्रश्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीफन वीझनर या विद्यार्थ्याला पडला, आणि त्याचे उत्तरही त्याला सापडले.

त्याची कल्पना अशी. नोटेवर नेहमीसारखा क्रमांक असेल आणि शिवाय प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, अडकवून ठेवलेल्या २० कुप्या असतील. प्रत्येक फोटॉनच्या कंपनाला दिशा असते. ती उभी, आडवी किंवा दोन तिरप्यांपैकी एक, अशा चारपैकी कोणतीही बँक निवडते आणि क्रमांकासमोर आपल्या वहीत लिहून ठेवते. नोट बँकेत आली की वहीत पाहून योग्य त्या पद्धतीने प्रत्येक फोटॉन तपासायचा. सगळे जुळले तर नोट खरी.

बनावट नोट करणाऱ्यापुढे अडचण अशी की फोटॉनला एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो. ‘तू उभा की आडवा?’ असे विचारले आणि तो मुळात उभा असेल, तर उत्तर बिनचूक मिळते. पण तो तिरपा असेल तरीही उत्तर ‘उभा’ किंवा ‘आडवा’ यांपैकीच येते, तेही निव्वळ योगायोगाने, आणि त्या क्षणापासून तो फोटॉन खरोखरच तसा होऊन बसतो. त्याची मूळची दिशा पुसली जाते. कोणता प्रश्न विचारायचा हे फक्त बँकेच्या वहीत असते. अंदाजाने मोजून केलेली नक्कल एका फोटॉनपुरती पास होण्याची शक्यता चारात तीन. वीस फोटॉन असतील तर ही शक्यता सुमारे ३१५ मध्ये एक, आणि शंभर असतील तर तीन लाख कोटींमध्ये एक. न मोजताच प्रत काढण्याचा मार्गही बंद आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची, म्हणजे फोटॉनसारख्या सूक्ष्म कणाच्या अनोळखी स्थितीची, तंतोतंत प्रत कोणत्याही यंत्राला काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केले.

वीझनरचा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. तो छापून यायला १९८३ साल उजाडले. वीझनर पुढे जेरुसलेममध्ये बांधकाम मजूर म्हणून राबले आणि २०२१ मध्ये तिथेच वारले. विसाव्या शतकातल्या इतक्या मौलिक विचाराच्या वाट्याला इतकी वर्षे कोणी वाचक आला नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

एक वाचक मात्र होता. वीझनरचा विद्यार्थीदशेतला मित्र चार्ल्स बेनेट याच्या डोक्यात ही कल्पना घर करून राहिली. १९७९ मध्ये पोर्तो रिकोला एका परिषदेच्या वेळी समुद्रात पोहताना त्याने ती झिल ब्रासार या संगणकशास्त्रज्ञाला ऐकवली. दोघांच्या लक्षात आले की फोटॉन साठवायला कठीण, पण पाठवायला सोपा. मग नोट बाजूला ठेवू आणि निरोप पाठवू. त्यांचा पाच पानांचा निबंध डिसेंबर १९८४ मध्ये एका परिषदेत सादर झाला, आणि ती परिषद भरली होती बंगळुरूला. क्वांटम संदेशवहनाचा पाया घालणारी ती पद्धत बीबी८४ नावाने ओळखली जाते. तिचा निबंध आपल्या देशात सादर झाला, हे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

पद्धत साधी आहे. पाठवणारा फोटॉन पाठवताना दिशा मनाला येईल तशी निवडतो, घेणाराही मोजण्याचा प्रश्न मनाला येईल तसा निवडतो. मग उघड्या फोनवर दोघे फक्त प्रश्न जुळले की नाही एवढे सांगतात. जुळलेले निम्मे ठेवायचे, बाकीचे टाकायचे. उरलेल्या आकड्यांची कुलूपकिल्ली तयार होते. मधे कोणी प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवला, तर जुळायला हव्या त्या आकड्यांत २५ टक्के चुका निघतात. काही आकडे ताडून पाहिले की चोराचा पत्ता लागतो.

१९८९ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा फोटॉन हवेतून अवघे साडेबत्तीस सेंटिमीटर गेले. दिशा बदलणाऱ्या उपकरणाचा वीजपुरवठा दर वेळी वेगळा आवाज करी, त्यामुळे कानांनी बहिऱ्या चोरापासूनच ते संभाषण सुरक्षित आहे, असे त्याचे कर्ते नंतर सांगत. निसर्गाचा नियम अभेद्य असला तरी त्यावर उभारलेले यंत्र माणसाचेच असते, एवढे त्या आवाजाने दाखवून दिले.

अंतर वाढवणे हीच पुढची लढाई. उत्तम काचतंतूतही शंभर किलोमीटरनंतर शंभरातला एक फोटॉन पोचतो. नेहमीच्या दूरसंचारात वाटेत संदेश वाढवून घेतात, इथे प्रतच काढता येत नाही म्हणून ती सोय नाही. पोचलेला एकुलता एक फोटॉन वाया न घालवता टिपायला हवा, आणि इथे नॅनोइलेक्ट्रॉनिकी कामाला येते. २००१ मध्ये ग्रेगरी गोल्ट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम नायट्राइडची काही नॅनोमीटर जाडीची तार वापरून शोधक बनवला. उणे २६९ अंशांच्या आसपास थंड केली की ती तार अतिवाहक होते, म्हणजे वीज विनाविरोध वाहू देते. एक फोटॉन आदळला की तेवढ्यापुरती तिची अतिवाहकता मोडते आणि विजेचा ठोका उमटतो. याच पदार्थाच्या पातळ थरांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम झाले आहे.

चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये बाराशे किलोमीटरवर किल्ली पोचवली. इस्रोने २०२१ मध्ये अहमदाबादेत दोन इमारतींमध्ये हवेतून ३०० मीटर, तर डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशा शंभराहून अधिक किलोमीटरच्या काचतंतूतून हे साधले. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६,००३ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि उपग्रहामार्फत दोन हजार किलोमीटरपर्यंत सुरक्षित संपर्काचे लक्ष्य.

मूळ नोट मात्र अजून प्रयोगशाळेबाहेर आलेली नाही. फोटॉनची अवस्था टिकवणारी कुपी मिळत नाही. २०२१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी युरोपियमचा अंश घातलेल्या स्फटिकात प्रकाशाचा स्पंद एक तास सांभाळला, तोही एकट्या फोटॉनचा नव्हता. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. वीझनरची नोट फक्त बँकच तपासू शकते, कारण वही तिच्याकडे. भाजीवाल्या बाईला किंवा मंडईतल्या शेतकऱ्याला ती आपल्या हाताने पारखता येत नाही. कोणालाही तपासता येईल पण कोणालाही छापता येणार नाही अशी क्वांटम नोट स्कॉट आरनसन यांनी २००९ मध्ये मांडली, तिची पहिली रचना लवकरच फोडली गेली. त्यानंतर पीटर शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींच्या गणितावर आधारलेली नोट सुचवली. ती फोडणे कोणाला जमलेले नाही, आणि ती फुटणार नाही हे सिद्ध करणेही कोणाला जमलेले नाही.