रंगाचे नाव आणि रंगाचा आकडा

ईद जवळ आली की मॅचिंग सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ‘फिरोजी ओढणी दाखवा’ म्हटले की दुकानदार चार ओढण्या पुढ्यात टाकतो. चारही फिरोजीच, पण कुर्त्याला जुळते एखादीच. नाव एक आणि छटा अनेक, ही शब्दांची अडचण आहे.

आपल्या घरांत रंगांची नावे वस्तूंवरून आली. फिरोजा खड्यावरून फिरोजी, पिस्त्यावरून पिस्ताई, बदामावरून बदामी. फारसीत खाक म्हणजे माती, त्यावरून खाकी. मराठीने अबोली, डाळिंबी, मोरपंखी, आमसुली दिले. जोशांद्यात उन्नाबाची सुकी, गडद लाल बोरे टाकतात, त्यावरून उन्नाबी. आज मुलांना उन्नाबी म्हटले तर ती तोंडाकडे पाहत राहतात. वस्तू घरातून गेली की तिच्या रंगाचे नावही मुके होते.

म्हणून माणसाने आकड्यांचा आधार घेतला. अल्बर्ट मनसेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकांनी 1905 मध्ये पुस्तक लिहून प्रत्येक रंग तीन गोष्टींनी मांडला: रंग कोणता, किती उजळ आणि किती तीव्र. मातीचे अभ्यासक आजही मनसेलच्या तक्त्याशी ताडून मातीचा रंग नोंदवतात.

मोबाईलच्या पडद्यावरही हिशेब तिनाचाच असतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश, प्रत्येकाला 0 ते 255 पैकी एक आकडा. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही 255 म्हणजे पांढरा. अशा 1,67,77,216 जोड्या होतात. एवढी नावे कोणत्या भाषेत सापडणार? आकडा पुण्याहून दुबईला पाठवा, तो तसाच पोहोचतो. मात्र दोन मोबाईलवर तोच आकडा थोडा वेगळा दिसू शकतो. कापडाचेही तसेच. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, म्हणून जाणत्या बायका कापड दुकानाबाहेर नेऊन पाहतात.

तरीही आकड्याला नाव द्यावेसे वाटतेच. वेब पानांसाठी संगणकाला काही रंग नावांनीही कळतात. त्यांतले एक नाव आहे रेबेकापर्पल. एरिक मेयर हे वेब पानांच्या रचनेवर पुस्तके लिहिणारे अमेरिकन लेखक. त्यांची मुलगी रेबेका 2014 मध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेली, त्या दिवशी तिचा सहावा वाढदिवस होता. जांभळा तिचा आवडता रंग. या क्षेत्रातल्या लोकांनी 102, 51, 153 या जांभळ्याला तिचे नाव द्यायचे ठरवले. वडिलांनी एकच सांगितले: लाडाचे ‘बेका’ नको, पूर्ण ‘रेबेका’ हवे. सहा वर्षांची झाल्यावर सर्वांनी आपल्याला रेबेका म्हणावे, असे ती सांगत असे. सहावे वर्ष तिला जेमतेम बारा तास मिळाले.

तो आकडा आधीही होताच. लेकीची आठवण ठेवायला मात्र नाव लागले.

या सुट्टीत मुलांना एक काम द्या. वहीत तीन रकाने आखून पहिल्यात नानी-दादीला विचारून रंगाचे नाव लिहायचे, दुसऱ्यात ते ज्या वस्तूवरून आले ती वस्तू, तिसऱ्यात संगणकावर शोधलेले तीन आकडे. तिसरा रकाना मुले चुटकीसरशी भरतील. पहिल्या दोहोंसाठी त्यांना नानीजवळ बसावे लागेल.