विद्यार्थ्यांचें संशोधन-भित्तिपत्रक : रचना व निवेदन

इतिहासविषयक परिषदांतून व महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतून अलीकडे विद्यार्थ्यांस व्यासपीठावर निबंध वाचावयास न लावितां, आपलें संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून त्याच्या शेजारीं उभें राहावयास सांगण्याची पद्धति रूढ होत चालली आहे. ह्या कागदास विद्यार्थी पोस्टर म्हणतात; प्रस्तुत लेखांत आम्हीं त्यास भित्तिपत्रक म्हटलें आहे. ज्यांच्या संग्रहीं जुनीं दप्तरें व पोथ्या आहेत, अशा आमच्या वाचकांस हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. भित्तिपत्रकावर जें छायाचित्र असतें तें बहुधा त्यांच्याच रुमालांतील कागदाचें असतें; आणि त्यापुढें उभें राहून 'हें कशावरून?' असें विचारण्याचा अधिकार व कर्तव्य हीं दोन्ही त्यांचींच आहेत. शाळामास्तरकीच्या संवयीनें निवृत्तीनंतरही कांहीं विद्यार्थी आमच्याकडे मोडी वाचावयास येतात. त्यांचीं पत्रकें तयार करवितांना जें आमच्या ध्यानांत आलें, व ज्या एका चुकींत आम्हीं स्वतः वांटेकरी झालों, तें येथें नमूद करितों.

(१) पद्धतीचें मूळ

ही पद्धति मूळची इतिहासशास्त्राची नव्हे. इ. स. १९७० च्या आगेंमागें युरोप व अमेरिका येथील जीवरसायनशास्त्राच्या परिषदांकडे निबंध इतके येऊं लागले कीं, प्रत्येकास भाषणाची वेळ देणें दुरापास्त झालें. तेव्हां एका दालनांत अनेक पत्रकें लावावीं, कर्त्यानें जवळ उभें राहावें व जिज्ञासूनें हवें तेथें थांबून प्रश्न करावे, अशी तोड निघाली. पुढें ह्या पत्रकांत मजकुराची इतकी दाटी होऊं लागली कीं, इ. स. २०१९ मध्यें माईक मॉरिसन नांवाच्या मानसशास्त्राच्या एका अमेरिकन संशोधक विद्यार्थ्यानें त्याविरुद्ध तक्रार मांडली. मुख्य निष्कर्ष साध्या भाषेंत, मोठ्या अक्षरांत मधोमध लिहावा व तपशील बाजूस ठेवावा, ही त्याची सूचना. आम्हांस ती निम्मी मान्य आहे. निष्कर्ष एकच असावा व तो दुरून दिसावा, हें खरें. परंतु इतिहासांत साधनावांचून निष्कर्ष म्हणजे केवळ घोषणा होय. म्हणून निष्कर्षाच्या लगत, त्याच्याइतक्याच मानानें, ज्या कागदावरून तो काढिला त्या कागदास जागा मिळाली पाहिजे.

(२) पत्रकाचीं अंगें

आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीनें आपल्या पत्रकाचा पहिला खर्डा आणिला, त्यांत सुमारें दोन हजार शब्द होते. विषय एका खेड्याच्या पाटिलकीच्या तंट्याचा महजर. परंतु आरंभ मराठेशाहीच्या स्थापनेपासून केलेला! एवढा मजकूर उभ्यानें कोणीही वाचीत नाहीं. पांचशें शब्दांच्या आंत पत्रक आटोपावें, असें आम्हीं तीस सांगितलें. मग टाकावें काय व ठेवावें काय, हा प्रश्न आला. त्याचें उत्तर आम्हांस मीमांसकांच्या अधिकरणांत मिळालें. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय हीं अधिकरणाचीं पांच अंगें होत. आणि चांगल्या भित्तिपत्रकास ह्यांहून अधिक कांहींही लागत नाहीं.

वाचकांच्या परिचयाचें उदाहरण घेऊं. विषय : शिवजन्माची तिथि. संशय : ती शके १५४९ च्या वैशाखांतील कीं शके १५५१ च्या फाल्गुनांतील? पूर्वपक्ष : बखरींच्या आधारें पूर्वी रूढ असलेली शके १५४९ ही मिति, म्हणजे इ. स. १६२७. उत्तरपक्ष : कारीच्या जेधे देशमुखांकडून लोकमान्य टिळकांस मिळालेली व इ. स. १९१६ मध्यें प्रसिद्ध झालेली शकावली फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शके १५५१ अशी मिति देते. आणि तंजावरास सदाशिव महादेव दिवेकर ह्यांस सांपडलेलें व इ. स. १९२७ मध्यें छापलेलें परमानंदकृत शिवभारत, हें शकावलीहून सर्वस्वीं निराळें साधन असूनही, तीच मिति सांगतें. शिवाय त्या तिथीस गणितानेंही शुक्रवारच येतो. निर्णय : दि. १९ फेब्रुवारी १६३०, जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणें. ग्रंथच्या ग्रंथ भरतील एवढा वाद येथें पांच परिच्छेदांत बसला. विद्यार्थ्यांस आम्ही विशेष आग्रहानें सांगतों तें हें कीं, पूर्वपक्ष गाळूं नये. विरुद्ध बाजूचा उत्तम पुरावा ज्यानें आपल्याच पत्रकावर मांडिला, त्याच्या निर्णयावर पाहणाराचा विश्वास बसतो.

(३) अक्षर, आकार व छपाई

पत्रकाचा आकार परिषदेच्या चालकांस आधीं विचारून घ्यावा. पुष्कळ ठिकाणीं ए-शून्य हें माप चालतें. तें ८४१ × ११८९ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३३ × ४७ इंच असतें. कोठें तें उभें लावितात, कोठें आडवें; हें न विचारल्यामुळें ऐन वेळीं पत्रक फळीबाहेर लोंबल्याचें आम्हीं पाहिलें आहे. बहात्तर पॉइंटांचा एक इंच होतो. इंग्रजी पत्रकांत मजकुरास निदान २४ पॉइंटांचें अक्षर सांगतात; देवनागरींत वर वेलांटी-मात्रा व खालीं उकार येत असल्यामुळें त्याच मापांत अक्षराचा गाभा लहान पडतो. म्हणून मजकूर २८ ते ३२ पॉइंटांचा, व मथळा १०० पॉइंटांच्या आसपास घ्यावा आणि दोन ओळींत अंतर सढळ सोडावें. मजकुराचे तीन उभे स्तंभ पाडावे. रंगीत भूमीवर रंगीत अक्षरें नकोत. पोथींतील हिंगुळाच्या ओळी तांबड्याच दिसल्या पाहिजेत. त्या काळ्या छापल्यास शीर्षक व मूळ मजकूर ह्यांतील लेखकानें केलेला भेद नाहींसा होतो.

संगणकावर जुळविलेली प्रत छापखान्यांत गेल्यावर रफार सरकणें व जोडाक्षरें फुटणें हे प्रकार नित्याचे आहेत. ह्यास्तव टंक युनिकोडचाच वापरावा, छपाईची प्रत टंकासह पीडीएफ करून द्यावी आणि मोठी प्रत काढण्यापूर्वी लहान कागदावर एक छाप घेऊन प्रत्येक जोडाक्षर तपासावें. मोडी लिपीस इ. स. २०१४ मध्यें युनिकोडांत स्थान मिळालें आहे. त्यामुळें वाचन शिकविण्यापुरतें एखादें अक्षर मोडींत जुळवितां येतें. परंतु पुरावा म्हणून जुळविलेलें मोडी चालणार नाहीं. तेथें मूळ पत्राचें छायाचित्रच हवें.

(४) साधनाचें चित्र व धन्याचा मान

मूळ कागद प्रदर्शनास कदापि नेऊं नये, मग फळीवर टाचण्या मारून लावण्याची गोष्ट दूरच. छायाचित्र दिव्याचा झोत न टाकतां, सौम्य उजेडांत घ्यावें आणि कागदाशेजारीं मापपट्टी ठेवावी. प्रथम संपूर्ण पत्र दाखवावें, नंतर ज्या ओळींवर निर्णय अवलंबून आहे तेवढ्या मोठ्या करून द्याव्या. शिक्का, मोर्तब, कागदाचा सांधा व समासांतील शेरा हीं 'नीटनेटकेपणा'साठीं कापूं नयेत. पत्राची खरी-खोटी परीक्षा पुष्कळदां तेथेंच होते. पोथी असल्यास पत्रसंख्या, दर पृष्ठाच्या ओळी व पुष्पिका द्यावी. चित्राखालीं ओळीस ओळ बालबोध लिप्यंतर द्यावें. संशयित अक्षर चौकोनी कंसांत, गेलेल्या अक्षरांच्या जागीं ठिपके. लेखकाचें अशुद्ध आपण शुद्ध करूं नये. संपूर्ण लिप्यंतर पत्रकावर न मावल्यास त्याची प्रत जवळ ठेवावी, अथवा दूरध्वनीनें टिपतां येणारी क्यूआर चौकट एका कोंपऱ्यांत छापून तेथें द्यावें.

कागदाच्या धन्याची अनुमति लेखी घ्यावी. त्याचें नांव छापावें कीं नाहीं, हें त्यासच विचारावें. कित्येकांस चोरीचें भय असतें व तें अनाठायीं नसतें. त्यानें होकार दिल्यास नांव तळाशीं बारीक अक्षरांत न टाकतां साधनाच्या चित्राखालींच द्यावें. चार पिढ्या ज्यांनीं वाळवीपासून तो कागद राखिला, त्यांचें श्रेय वाचणाराच्या श्रेयाहून उणें नाहीं.

(५) निवेदन

पत्रकाच्या पुढें नव्हे, बाजूस उभें राहावें. पाहणारा आला कीं लगेच बोलूं लागूं नये. त्यास मथळा वाचूं द्यावा. मग एका वाक्यांत निर्णय व दोन मिनिटांत त्याचा आधार सांगावा. पत्रक वाचून दाखवूं नये, कारण तें त्यासही वाचतां येतें. उत्तर देतांना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या : कागदांत लिहिलें आहे तें, आपण अनुमानिलें तें, आणि आपणांस ठाऊक नाहीं तें. तिसरी गोष्ट उघड बोलण्याचा अभ्यास विद्यार्थ्यांस मुद्दाम करवावा लागतो, व शिक्षकांसही.

आतां ती चूक. उपरिनिर्दिष्ट विद्यार्थिनीचें पत्रक छापून आलें तें देखणें होतें. मध्यभागीं महजराचें चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत निर्णय : पाटिलकीचा हा तंटा शाहू महाराजांच्या हयातींत मिटला. महजराची मिति शके १६७१, शुक्लनाम संवत्सर, माघमास. शकांत ७८ मिळवून तिनें इ. स. १७४९ हें साल काढिलें होतें. शाहू महाराज दि. १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले, आणि माघ तर वर्षारंभींचा, तेव्हां हयातींतच, असा तिचा हिशेब. खर्डा आम्हीं दोनदां वाचला. वेलांट्या सुधारिल्या, आंकडा तसाच सोडिला.

प्रदर्शनाच्या दिवशीं ज्यांच्या घरचा तो कागद, ते वृद्ध गृहस्थ आले. चष्मा सारखा करून त्यांनीं मिति वाचली व शांतपणें विचारिलें, "बाळ, शक चैत्रांत बदलतो. मग माघ येईपर्यंत इंग्रजी साल कोणतें लागलें?" मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग ती म्हणाली, "आजोबा, येथें ७९ मिळवावयास हवे होते. हा महजर १७५० चा आहे. माझा निर्णय चुकला." आम्हीं पुढें होऊन, दोष आमच्याही दृष्टीचा आहे, असें सांगितलें. शाहू महाराजांचा मृत्यु त्याच शकाच्या मार्गशीर्षांतला. त्यानंतरच्या माघांत तंटा मिटला, म्हणजे छत्रपति जाऊन महिना-दोन महिने झाल्यावर. एका आंकड्यानें निर्णय पार उलटला होता. इंग्रजी साल क्षणभर बाजूस ठेवून मार्गशीर्ष आधीं कीं माघ आधीं, एवढें जरी आम्हीं पाहिलें असतें तरी चूक उघडी पडती. तेव्हांपासून दोन मितींचा पूर्वापर ठरवितांना त्या प्रथम मूळच्याच गणनेंत ताडून पाहाव्या, मग रूपांतर करावें, आणि वार दिला असल्यास तोही जुळवावा, हा नियम आम्हीं घालून घेतला आहे.

मुलीनें पांढऱ्या कागदाची पट्टी आणून त्या चुकलेल्या निर्णयावर सर्वांसमक्ष चिकटविली व तीवर हातानें लिहिलें : 'माघ शके १६७१ म्हणजे इ. स. १७५०, तंटा शाहू महाराजांच्या पश्चात् मिटला.' सायंकाळपर्यंत ती येणाराजाणारास प्रथम आपली चूक व मग नवा निर्णय सांगत होती. आणि आमच्या पाहण्यांत, त्या दालनांत सर्वांत अधिक प्रश्न तिच्यापुढेंच झाले.

निरोप घेतांना ते गृहस्थ तीस म्हणाले, "घरीं ये. त्याच तंट्याचे आणखी कागद आहेत; रुमाल मीं आजवर कोणापुढें सोडला नाहीं." ते कागद आम्ही सध्यां वाचीत आहों. जेध्यांची शकावलीही अशाच एका घरांतून बाहेर आली होती. आमच्या संग्राहक वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, एखादा विद्यार्थी आपलें पत्रक घेऊन उभा दिसल्यास त्याजपुढें थांबावें, मिति तपासावी, व चूक आढळल्यास ती त्याच गृहस्थांप्रमाणें दाखवावी.

प्रदर्शन संपल्यावर तें पत्रक मुलीनें त्यांच्या स्वाधीन केलें. नवी प्रत छापून देण्याची आमची तयारी होती. ती त्यांनीं नको म्हटली. आज तें गुंडाळून त्या रुमालाशेजारींच ठेविलें आहे, पट्टीसकट.