वडिलांची सभा

सावित्री नदी समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील बागमांडले आणि दक्षिण तीरावर बाणकोट अशी दोन गावे आहेत. तरीतून खाडी ओलांडणाऱ्या प्रवाशाला बाणकोटचा किल्ला दिसतो. परंतु 1823 साली स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी आपले पश्चिम भारतातील पहिले ठाणे येथेच वसविले होते, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. 1829 साली मुंबईत उतरलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर येऊन राहिले. त्यांच्या शाळांची, ग्रंथांची आणि त्यांनी केलेल्या धर्मांतरांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. त्यांनी सोबत आणलेल्या राज्यपद्धतीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

ही मंडळी प्रेसबिटेरियन पंथाची होती. 'प्रेसबिटर' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडील'. या पंथाचे नाव कोणा संस्थापकावरून किंवा एखाद्या सिद्धांतावरून पडलेले नसून ते कारभाराच्या पद्धतीवरून पडले आहे. जिनिव्हात कॅल्व्हिनने 1541 साली या पद्धतीचा पाया घातला आणि 1560 नंतर जॉन नॉक्स व अँड्र्यू मेल्व्हिल यांनी ती स्कॉटलंडमध्ये रुजविली. तिचे मुख्य सूत्र असे, की धर्मसत्ता एका व्यक्तीच्या हाती असू नये, ती सभेच्या हाती असावी. म्हणूनच या पंथात बिशप नाही.

प्रत्येक स्थानिक मंडळीचे निवडलेले वडील असतात. हे वडील शेतकरी, व्यापारी, शिक्षक असे आपापल्या उद्योगातील लोक असतात. पाळक आणि वडील मिळून जी सभा होते, तिला 'सेशन' म्हणतात. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि त्यांच्या वडिलांचे प्रतिनिधी एकत्र येतात ती 'प्रेसबिटरी'. तिच्यावर सिनॉड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली. खालच्या सभेच्या निर्णयावर वरच्या सभेकडे दाद मागता येते. प्रत्येक सभेचा अध्यक्ष 'मॉडरेटर' या नावाने ओळखला जातो. असेंब्लीचा मॉडरेटर तर केवळ वर्षभराचा असतो आणि मुदत संपली की तो पुन्हा इतरांसारखाच एक पाळक होतो. एडिंबरोच्या असेंब्लीत ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी उपस्थित राहतो, परंतु त्याचे आसन सभागृहाबाहेरच्या सज्जात असते. त्याला पाहण्याचा मान आहे, मताचा अधिकार नाही.

असेंब्लीलाही लगाम आहे. 1697 सालच्या एका नियमानुसार कायद्यात मूलभूत बदल करावयाचा असेल तर तो आधी सर्व प्रेसबिटऱ्यांकडे पाठवावा लागतो आणि बहुसंख्य प्रेसबिटऱ्यांची संमती मिळाल्यावाचून तो अमलात येत नाही. उत्साहाच्या भरात एका दिवसात मूळ नियम पालटू नयेत, ही दक्षता आपल्या राज्यघटनेच्या दुरुस्तीविषयक कलमाशी परिचित असलेल्या वाचकाला नवी वाटणार नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी एकोणिसाव्या शतकात लागली. 1712 च्या कायद्याने गावाचा पाळक नेमण्याचा हक्क तेथील जमीनदाराला दिला होता. ऑक्टरआर्डर नावाच्या गावी अशा रीतीने नेमलेल्या उमेदवाराच्या मागे दोघातिघांखेरीज कोणीच उभे राहिले नाही. तरीही न्यायालयाने जमीनदाराचा हक्क उचलून धरला. प्रश्न सरळ होता. ज्यांनी पाळकाचे ऐकावयाचे, त्यांनी त्याला निवडावे की ज्याच्या मालकीची जमीन, त्याने? 18 मे 1843 रोजी पाळक असेंब्लीतून उठून बाहेर पडले आणि या फुटीत साडेचारशेहून अधिक पाळकांनी चर्च सोडले. त्यांनी पगार सोडला, राहती घरे सोडली आणि 'फ्री चर्च' स्थापन केले. भारतातील सर्व स्कॉटिश मिशनरी त्यांच्याच बाजूने गेले. मुंबईत विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना शाळेच्या वास्तूवर पाणी सोडून पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली. 1870 साली याच विल्सन यांना फ्री चर्चच्या असेंब्लीने मॉडरेटर निवडले.

मुंबईत 1831 मध्ये या पद्धतीची देशी मंडळी स्थापन झाली. तिच्यातूनच आलेले धनजीभाई नौरोजी यांना 1846 साली एडिंबरोत पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे नारायण शेषाद्री आणि बाबा पदमनजीही पाळक झाले. नियमाप्रमाणे प्रेसबिटरीत देशी पाळकाचे मत आणि गोऱ्या पाळकाचे मत यांची किंमत एकच होती. परकीय राजवटीत असे व्यासपीठ विरळाच. तथापि वेतन आणि मालमत्ता यांची सूत्रे स्कॉटलंडमधील समितीच्या हाती होती. सभेत समता आणि तिजोरीत विषमता असली की सभेचे स्वातंत्र्य अर्धेच राहते, हा धडा केवळ चर्चपुरता मर्यादित नाही.

कोकणाला पंचांची सभा अपरिचित नव्हती. याच किनाऱ्यावरील अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील बेने इस्रायल समाज आपल्या सिनेगॉगचा कारभार मुकादम, गबई अशा पदाधिकाऱ्यांकरवी पाहत आला. कोळीवाड्यांतून पाटील आणि पंच तंटे सोडवीत. मात्र गावकीचे वडीलपण बहुधा घराण्याकडून येई आणि पंचांचा शब्द अखेरचा असे. प्रेसबिटेरियन पद्धतीत वडील निवडून येतो, सभेचे इतिवृत्त लिहिले जाते आणि वरची सभा ते तपासते. फरक आहे तो एवढाच. परंतु तो लहान नाही.

या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. सभेने चालणारा कारभार मंद असतो. त्यात गट पडतात आणि जबाबदारी कोणा एकावर निश्चित करणे कठीण जाते. निवडलेले वडीलही वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर बसतात. स्त्रियांना तर खुद्द स्कॉटलंडच्या चर्चने वडीलपद 1966 पर्यंत नाकारले होते. सर्वांच्या समतेवर उभारलेल्या सभेने अर्ध्या मंडळीला चारशे वर्षे दाराबाहेर ठेवावे, ही विसंगती लपविण्याजोगी नाही.

1924 साली प्रेसबिटेरियन मंडळ्या इतरांसह 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'त सामील झाल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या मीलनातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्मास आले. महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या स्कॉटिश मंडळ्या आज त्यातच आहेत. बिशपचे पद स्वीकारताना ते घटनेच्या चौकटीत आणि निवडलेल्या सभांच्या सोबतीने चालेल, अशी तडजोड तेथे झाली. त्या चर्चच्या प्रमुख बिशपला आजही 'मॉडरेटर' म्हणतात. ईशान्य भारतात, विशेषतः मिझोराममध्ये, मूळची प्रेसबिटेरियन रचना स्वतंत्रपणे नांदते आहे.

शाळेची कार्यकारिणी, कर्मचाऱ्यांची पतपेढी, गावचे वाचनालय अशा कितीतरी संस्थांत सुशिक्षित मध्यमवर्ग सभासद असतो. वार्षिक सभेची सूचना येते, गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने उपस्थित असतील तेवढ्यांच्या संमतीने अहवाल मंजूर होतो. मग सत्ता एकाच्या हाती गेली अशी तक्रार करण्यात अर्थ उरत नाही. 1843 साली काही शेकडा पाळकांनी निवडीच्या हक्कासाठी घरदार सोडले. पतपेढीच्या सभासदाकडून एवढी अपेक्षा कोणीच करीत नाही. सभेच्या दिवशी वेळेवर येऊन मागील इतिवृत्त वाचावे, शंका विचारावी आणि मत द्यावे, एवढे मात्र त्याला सहज करता येण्याजोगे आहे.