जुन्या टेप, नवे मोबाईल आणि एकच पडदा

मंडळाच्या गणेशोत्सवाची चित्रफीत तयार करताना आमच्या हातून एक चूक झाली. जुन्या टेपवरचे आणि यंदाचे मोबाईलवरचे चित्रण आम्ही एकापुढे एक जोडले आणि पडदा कडेने रिकामा दिसू नये म्हणून जुने चित्र दोन्ही बाजूंनी ताणले. दिवंगत सभासद पडद्यावर आले ते बुटके आणि रुंद होऊन. एक भगिनी म्हणाल्या, "आमचे बाबा असे नव्हते हो." त्यानंतर आम्ही सगळे काम पुन्हा हाती घेतले. त्यात जे उमगले ते इथे मांडतो, कारण घरोघरी लग्नामुंजींच्या टेप पडून आहेत.

आपल्याकडची जुनी टेप संगणकात घेतली की तिची एक चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची होते. आजच्या एचडी चित्राची चौकट १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहा, ठिपके बरोबर पाचपट! पण आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे. खात्यात पाचशे असताना पासबुकात अडीच हजार लिहिले म्हणून शिल्लक वाढत नाही. चित्र मोठे केले की ठिपके वाढतात, तपशील वाढत नाही. टेपवर जे उतरले तेवढेच आपले.

आकाराचेही तसेच. जुने चित्र ४:३, नवे १६:९. ताणले तर माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात. वरखाली कापले तर एक चतुर्थांश चित्र जाते, आणि आमच्या टेपमध्ये नेमका बाप्पाचा मुकुट जात होता. म्हणून आता जुने चित्र पूर्ण उंचीचे ठेवतो. त्याची रुंदी १४४० भरते आणि दोन्ही कडांना २४०-२४० ठिपक्यांची काळी पट्टी राहते. काहींना ती पट्टी खटकली. आम्हाला विचाराल तर ती असू द्यावी. बघणाऱ्याला लगेच कळते की हे जुने दिवस आहेत.

आमचा सर्वांत जास्त वेळ गेला तो रेघांमध्ये. जुन्या कॅमेऱ्याची एक चौकट म्हणजे दोन अर्धी चित्रे असतात, एक सम ओळींचे आणि एक विषम ओळींचे. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे ५० अर्धी चित्रे. जुन्या टीव्हीवर ती एकामागून एक उमटत. संगणक मात्र दोन्ही एकदम दाखवतो, आणि लेझीम खेळणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसू लागतात. ते काढण्याला डीइंटरलेस म्हणतात. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे. क्रम मात्र पाळायचाच: आधी डीइंटरलेस, मग चित्र मोठे. आम्ही पहिल्यांदा उलटे केले आणि ते दात चित्रात कायमचे मिसळून गेले. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावले. स्टुडिओत टेप उतरवून घ्याल तेव्हा "एचडी करून द्या" असे सांगू नका, मूळ ७२० बाय ५७६ चीच फाइल मागा.

मोबाईल बहुधा सेकंदाला ३० चौकटी घेतो. त्या २५ च्या टाइमलाइनवर घातल्या की दर सहावी चौकट गळते आणि मिरवणूक झटके खात चालते. त्यामुळे यंदा चित्रण करणाऱ्या मुलांना सेटिंगमध्ये २५ किंवा ५० ठेवायला सांगितले आहे.

एआयने जुने चेहरे लखलखीत करता येतात, असे नातवंडे सांगतात. आम्ही करून पाहिले. चेहरे स्वच्छ झाले खरे, पण जे टेपवर नव्हतेच ते यंत्राने आपल्या मनाने भरले होते, आणि एका काकांना भलतेच दात आले. ते आम्ही वापरले नाही.

टेपला बुरशीचा पांढरा थर दिसला तर घरच्या यंत्रात घालू नका; टेपही जाते आणि हेडही खराब होते. आपल्याकडे उत्सवाच्या टेप असतील तर वर साल आणि आपले नाव चिकटवून कार्यालयात आणून द्याव्यात. उतरवून झाल्यावर टेप आणि मूळ फाइल दोन्ही परत मिळतील.